सोडून दिलेला मासा

मनुष्य पोटासाठी जे करतो त्याची चिकित्सा नीतिशास्त्राने पुष्कळ केली आहे. तो करमणुकीसाठी जे करतो त्याची मात्र त्या मानाने फारच थोडी. वस्तुतः न्याय उलटा असावयास हवा. पोटासाठी केलेल्या कृत्यात मनुष्यास निवड थोडी असते. करमणुकीत ती पूर्ण असते, आणि जेथे निवड पूर्ण तेथे जबाबदारीही पूर्ण. या दृष्टीने पाहता पाश्चात्त्य देशांतील असंख्य सभ्य गृहस्थ ज्या क्रीडेत आपल्या सुट्ट्या घालवितात ती फ्लाय फिशिंगची क्रीडा, म्हणजे पिसांच्या कृत्रिम माशीने मासे धरण्याची विद्या, विचार करण्याजोगी आहे. तिच्यात असा एक प्रघात रूढ झाला आहे की, धरलेला मासा मारावयाचा नाही, खावयाचा नाही. तोंडातील गळ काढून त्याला पुन्हा पाण्यात सोडावयाचे. हे सोडणे दया होय काय? की ज्याला दुखविण्याचे काही कारणच नव्हते त्याला दुखवून वर उदारपणाचा मान मिळविण्याची ती एक सोयीची रीत आहे? आम्ही स्वतः गळ कधी हाती धरलेला नाही, त्यामुळे या क्रीडेची वकिली करण्याचा मोह आम्हांस नाही. परंतु ज्याने गळ धरला नाही तो केवळ तेवढ्याने निर्दोष ठरतो काय, हाही प्रश्न ओघाने पुढे येणार आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. साध्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने ती पाण्यात टाकतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे लहानशा आकड्यावर रेशीम, लोकर आणि पिसे गुंडाळून केलेली माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. लवचिक काठीच्या हेलकाव्याने ती दोरीच हवेत फेकावयाची आणि माशी तिच्यामागून जावयाची. पाण्यावर ती इतकी अलगद उतरली पाहिजे की, खाली दबा धरून असलेल्या ट्राउट माशाला ती नुकतीच पंख वाळवीत बसलेली मेफ्लाय वाटावी. मेफ्लाय हा कीटक पंख फुटण्यापूर्वी पाण्याखाली कित्येक महिने, प्रसंगी दोन वर्षेही काढतो. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य बहुधा एखाद्या दिवसाचे, आणि त्या दिवसात खाण्याजोगे तोंडही त्याला उरत नाही. त्या एका दिवसाची नक्कल साधण्यासाठी मनुष्य अठराशे वर्षे खपत आला आहे. इ. स. 200 च्या सुमारास एलिअन या ग्रंथकाराने मॅसिडोनियातील ॲस्ट्रेअस नदीवरील मासे धरणाऱ्यांचे वर्णन केले आहे: आकड्याभोवती तांबडी लोकर, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे, सहा फुटांची काठी आणि तितकीच लांब दोरी. इंग्लंडात या विषयावरील पहिला छापील निबंध 1496 साली निघाला. पुढे 1653 मध्ये, यादवी युद्धाची धूळ पुरती बसली नव्हती अशा काळात, आयझॅक वॉल्टनने आपला ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ लिहून नदीकाठच्या शांत बसण्यास एका जीवनदृष्टीची प्रतिष्ठा दिली. हीच प्रतिष्ठा 1823 साली बायरनला असह्य झाली, आणि ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गात त्याने या सात्त्विक म्हाताऱ्यास क्रूर ठरवून त्याची यथेच्छ टर उडविली. म्हणजे आमचा प्रश्न नवा नाही. निदान दोनशे वर्षांचा जुना आहे.

या क्रीडेत नियमांचे प्रस्थ मोठे. फ्रेडरिक हॅल्फर्डने 1886 साली तरंगत्या माशीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दक्षिण इंग्लंडातील निवळशंख पाण्याच्या नद्यांवर त्याच्या अनुयायांनी असा दंडक घालून दिला की, वर येऊन कीटक टिपणाऱ्या माशाकडेच, प्रवाहाच्या उलट दिशेने, कोरडी माशी टाकावी; याखेरीजचे सारे प्रकार शिष्टसंमत नव्हेत. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने 1910 साली दाखवून दिले की, ट्राउटचा बराचसा आहार पाण्याखालीच होतो, आणि म्हणून पाण्याखाली बुडणारी माशीही तितकीच न्याय्य आहे. हा वाद इतका विकोपास गेला की, 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर वादसभा भरली. आज हे वाचून हसू येते. तथापि त्यात एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. कोरडी माशी की ओली, हा वाद दोन्ही पक्षांनी नीतीचा म्हणून लढविला. पण ओठात आकडा रुतल्यावर ती माशी वर तरंगत होती की खाली बुडाली होती, याने माशाला काय फरक पडणार? शिष्टाचार हा खेळणाऱ्या दोघांमधला करार असतो. नीतीत तिसऱ्याचा, ज्याला या खेळात कोणी विचारले नाही त्याचाही हिशेब धरावा लागतो. आपण स्वतःवर कठीण नियम लादून घेतले म्हणजे आपले कृत्य शुद्ध झाले, हा भ्रम केवळ मत्स्यछंदी लोकांचाच नव्हे. कर्मठपणाच्या सर्व जाती त्यावरच पोसतात.

आता सोडण्याचा प्रघात पाहू. अमेरिकेत ली वुल्फ याने 1939 साली आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, चांगला झुंजार मासा एकदाच वापरून संपविण्याइतका स्वस्त नाही. तो परत सोडला तर दुसऱ्या कोणास तोच आनंद पुन्हा मिळेल. हा विचार पुढे सरकारी नियमांत उतरला. त्याचे फळ किती मोठे ते यलोस्टोन नदीवरील एका पाहणीवरून कळते. तेथील कटथ्रोट जातीचा एकेक ट्राउट 1981 च्या हंगामात सरासरी 9.7 वेळा धरला व सोडला गेला. आणि एका धरण्यामागे मरणाऱ्या माशांचे प्रमाण अवघे 0.3 टक्के भरले. मासा जगतो, नदी भरलेली राहते, माणसाचा आनंदही टिकतो. यात वाईट ते काय, असे कोणी विचारील.

परंतु याच आकड्यांकडे माशाच्या बाजूने पाहावे. एकाच उन्हाळ्यात सुमारे दहा वेळा त्याने अन्न समजून लोखंड गिळले, दहा वेळा जिवाच्या आकांताने ओढाताण केली, दहा वेळा त्याला सुटका मिळाली. शिवाय सोडलेला प्रत्येक मासा इतका सुदैवी नसतो. कॅनडातील दोन संशोधकांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या रेनबो ट्राउटपैकी 12 टक्के दगावले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के. ज्या एका मिनिटात गृहस्थ मासा हाती उंच धरून हसतमुखाने छायाचित्र काढवितो, ते मिनिट माशाच्या लेखी काय असते ते यावरून ध्यानात यावे. तो पोहत निघून जातो आणि दृष्टीआड मरतो. सोडणाऱ्याच्या मनात मात्र आपल्या उदारपणाचे समाधान कायम राहते.

माशाला वेदना होते काय, या मूळ प्रश्नावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष व ॲसेटिक आम्ल टोचून पाहिले. ते मासे डोलू लागले, आम्ल टोचलेल्यांनी तळच्या वाळूवर ओठ घासले आणि पुन्हा खाण्यास लागावयाला त्यांना इतरांहून बराच अधिक वेळ लागला. याउलट जेम्स रोझ यांनी 2002 साली असे प्रतिपादन केले होते की, ज्या मेंदूच्या थरात मनुष्यास वेदनेची जाणीव होते तो थरच माशाला नाही. म्हणून त्याची तडफड ही प्रतिक्रिया असेल, पण दुःख नव्हे. या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाही. पण निकाल लागेपर्यंत संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा, हे शास्त्र सांगत नाही. ते नीतीने सांगावयाचे आहे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण शिक्षा त्याला भोगावयाची असते. येथे भोगणारा मासा आहे. तेव्हा जोवर नक्की कळत नाही तोवर त्याला दुःख होते असे धरून चालणे हेच न्यायाचे.

असे धरून चालले की एक विलक्षण निष्कर्ष निघतो, आणि काही राष्ट्रांनी तो कायद्यातही उतरविला आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2008 साली अमलात आलेल्या नियमांनी, सोडून देण्याच्या हेतूने मासे धरण्यास मनाई केली. जर्मनीच्या 1972 च्या प्राणिसंरक्षण कायद्याने सयुक्तिक कारणावाचून प्राण्यास वेदना देणे वर्ज्य मानले आहे, आणि केवळ गंमत हे सयुक्तिक कारण नव्हे, असा त्याचा अर्थ तेथे सामान्यतः लावला जातो. म्हणजे अमेरिकेत जो मासा सोडतो तो सज्जन, आणि राइनच्या काठी जो खाण्यासाठी मारतो तो सज्जन. एकाच कृत्याविषयी दोन सुसंस्कृत समाजांनी इतके परस्परविरुद्ध निर्णय द्यावेत, याचे कारण त्यांची अंतःकरणे निराळी आहेत असे नव्हे. त्यांनी प्रश्नच निराळे विचारले आहेत. अमेरिकन विचारतो, ‘नदीचे काय होईल?’ जर्मन विचारतो, ‘या माशाचे काय होईल?’

दुसऱ्या प्रश्नापुरते बोलावयाचे तर जर्मन पक्षाचे म्हणणे आम्हांस बिनतोड वाटते. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर कोळी पहाटे जाळे टाकतो. त्याच्या हातून रोज शेकडो मासे मरतात, पण त्यास क्रूर म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्याच्या कृत्यामागे पोट आहे, मुलेबाळे आहेत, आणि माशाच्या तडफडण्यात त्याला मौज वाटत नाही. सोडणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला मासा नको आहे. त्याला हवी आहे ती माशाची झुंज, म्हणजे माशाची भीतीच. दयेला दोन गोष्टी लागतात: कोणीतरी संकटात असावा, आणि ते संकट दया करणाऱ्याने आपल्या हौसेसाठी निर्माण केलेले नसावे. शेजाऱ्याचे घर आपणच पेटवावे आणि मग आपणच घागरी घेऊन धावावे, याला परोपकार म्हणत नाहीत. तेव्हा सोडून देणे हे काहीही असो, दया हे नाव त्याला शोभत नाही.

येथेच लेख संपविता आला असता तर किती बरे झाले असते! पण पहिला प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पाहण्यासाठी आपल्याच देशातील एका नदीकडे वळावे. कावेरीतील पाठीवर उंचवटा असलेला महसीर हा जगातील गोड्या पाण्याच्या अत्यंत बलाढ्य माशांपैकी एक. म्हैसूरकडे 1946 साली गळाने धरलेल्या अशा एका माशाचे वजन 120 पौंड भरले होते. पुढे सुरुंगाच्या दारूने मासे मारणाऱ्यांनी ती नदी उजाड करण्यास आरंभ केला, तेव्हा काही मत्स्यछंदी मंडळींनी नदीकाठी छावण्या उभारल्या, गावच्या माणसांस पहारेकरी व वाटाडे म्हणून कामे दिली, आणि धरलेला प्रत्येक मासा सोडावा असा नियम केला. वन्यजीव कायद्यान्वये गळाने मासे धरणे हीही शिकारच, असे ठरून अभयारण्यातील ही क्रीडा 2012 पर्यंत बंद झाली. कायद्याच्या शब्दाला धरून हे योग्यच म्हणावे लागेल. पण तोवर या छंदी लोकांनी आपल्या वह्यांत प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती. आणि 1998 ते 2012 या काळातील त्या नोंदी संशोधकांनी चाळल्या, तेव्हाच हे जगाला कळले की, हा उंचवट्याचा महसीर झपाट्याने नाहीसा होत चालला आहे. त्याला शास्त्रीय नाव निश्चितपणे मिळाले ते 2018 साली, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्या प्राण्यांत गणला गेला. नामशेष होणाऱ्या या जिवाची मोजदाद कोणी केली असेल तर ती त्याच्या ओठात गळ अडकविणाऱ्यांनी. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या आम्हां कोणाच्या वहीत त्याची एकही ओळ नव्हती.

याच हकीकतीत महाराष्ट्राचाही एक धागा गुंतलेला आहे. मुळामुठा नदीतून मिळालेल्या माशांवरून कर्नल साइक्स याने 1839 साली निळसर परांच्या दख्खनी महसीराचे शास्त्रीय वर्णन केले. या माशाची कृत्रिम पैदास लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने सुरू केली. तेथील पिल्ले 1970 च्या दशकापासून निरनिराळ्या राज्यांतील नद्यांत सोडण्यात आली, आणि कावेरीतही ती गेली. हेतू केवळ पुण्याचा होता. पण कावेरीत हा पाहुणा भराभर वाढला आणि घरचा उंचवट्याचा महसीर मागे पडत गेला, असे त्याच नोंदींनी दाखविले. अमेरिकेतील मोंटाना राज्याने हाच धडा आधी घेतला होता: पैदासगृहातील ट्राउट नदीत सोडल्याने रानटी ट्राउट कमी होतात असे मॅडिसन नदीवरील पाहणीत दिसून आल्यावर, रानटी मासे ज्यांत तग धरून आहेत अशा नद्यांत पैदाशीचे मासे सोडण्याचे त्या राज्याने 1974 साली बंद केले. पाण्यात काय सोडले यावरून पुण्य ठरत नाही; सोडल्यावर काय झाले हे पाहावयास थांबण्याची तयारी लागते.

आता या छंदाच्या साहित्याविषयी चार शब्द, कारण मनुष्याची खरी वासना त्याच्या साधनांत दिसते. एलिअनच्या मॅसिडोनियन माणसाजवळ सहा फुटांची काठी होती. एकोणिसाव्या शतकात चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेल्या काठ्या आल्या. ती एक नमुनेदार कारागिरी होती. सॅमन माशासाठी करावयाच्या माश्यांत तर पिसांचा शृंगारच सुरू झाला. आपल्या सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील चकचकीत ठिपक्यांची पिसे यासाठी एके काळी विलायतेस जात. पुढे भारताने त्यांची निर्यात बंद केली. वस्तुतः सॅमनला या रंगांची पारख असते असे मानण्यास फारसा आधार नाही. मासा नाममात्र उरला, आणि माशी बांधणे हाच काहींचा धर्म झाला. या वेडाची परिसीमा 2009 साली झाली. इंग्लंडातील ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण संगीतविद्यार्थ्याने 299 दुर्मिळ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरली, ती अशा माश्यांसाठी पिसे मिळावीत म्हणून; त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस याने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले नमुनेही होते. ज्ञानाचा ठेवा फाडून जी माशी बांधावयाची, ती बहुधा पाण्याला कधी लागणारही नव्हती!

साधनांचा दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे बोट आणि ती ओढून नेणारे वाहन. ओरेगनमधील मॅकेंझी नदीवर वरवंट्यासारख्या वर वळलेल्या तळाची एक सुंदर नाव जन्मास आली. खडकाळ प्रवाहात ती वल्ह्यांनी सहज थोपविता येते. ती ट्रेलरवर घालून मोटारीमागे ओढून नेतात. आता कोणती मोटार घ्यावी, हा प्रश्न तेथील मत्स्यछंदी मंडळीत मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. याचा हिशेब तसा सरळ आहे: नाव, ट्रेलर आणि सामान यांचे एकूण वजन काढावे; त्याचा साधारण दहावा भाग जोडणीच्या आकड्यावर पडतो हे ध्यानात घ्यावे; उतरणीवर ब्रेक हे सारे वजन थोपवू शकतील काय आणि ओल्या घाटावरून नाव वर खेचता येईल काय, ते पाहावे. अशी नाव ट्रेलरसह अर्ध्या टनाच्या आसपास भरते. पण घेतले जाते ते पुष्कळदा दोन टनांहून जड आणि कित्येक टन ओढू शकणारे वाहन. कारण खरेदी करणारा जी नाव आपल्यापाशी आहे तिच्यासाठी वाहन घेत नाही, पुढे कधीतरी होऊ शकेल अशा नावेसाठी घेतो. वर्षातून दहा दिवसांच्या नदीसाठी उरलेले साडेतीनशे दिवस ते धूड शहरात फिरते. आणि ज्या तेलाच्या धुराने हवा तापते त्याच हवेने नद्याही तापतात. मोंटानात ट्राउटच्या नदीचे पाणी सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटपर्यंत चढले, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासे धरणे बंद ठेवतात, कारण कोमट पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. ज्या वाहनाने नदी गाठावयाची त्यानेच नदीचे दार थोडे लोटून घ्यावे, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

याहून प्रत्यक्ष अपाय आणखी निराळा. उत्तर अमेरिकेच्या विशाल सरोवरांत 1988 साली झेब्रा शिंपला हा परका जीव सापडला. तेव्हापासून नावांच्या तळाला चिकटून आणि साचलेल्या पाण्यातून तो एका जलाशयातून दुसऱ्यात पसरत गेला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर 2004 साली डिडिमो नावाचे चिकट शेवाळ आढळले, आणि ते बुटांच्या ओल्या नमद्यातून पसरू नये म्हणून 2008 साली नमद्याच्या तळाचे बूट घालून नदीत उतरण्यास बंदी झाली. नदीवर प्रेम करणारा मनुष्य एका नदीचा रोग आपल्या पायांनी दुसरीस नेऊन देतो. अंगी द्वेष नसतो, असते ती फक्त निष्काळजी हौस.

इतके वाचल्यावर आमचा मध्यमवर्गीय वाचक सुखाने म्हणेल की, बरे झाले, असल्या छंदात आपण पडलो नाही. त्याला आम्ही नम्रपणे आपल्या नद्यांकडे पाहावयास सांगतो. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक डोह आहे. वरदायिनीचे मासे म्हणून तेथील महसीरांस कोणी धक्का लावीत नाही, यात्रेकरू त्यांस कुरमुरे टाकतात. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेतही तसेच अभय आहे. देहूच्या डोहातील माशांसही भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच जपले. गळ न टाकण्याचे हे व्रत थोर आहे, आणि सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीचे आहे. पण त्याच इंद्रायणीच्या पाण्यावर आळंदीस 2023 व 2024 साली पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना सर्वांनी पाहिले. तो फेस कोणाच्या गळाने आला नाही. तो कारखान्यांतून आला, शहरांच्या गटारांतून आला, म्हणजे आमच्या साबणांतून, आमच्या घरांतून आला. साइक्सने ज्या मुळामुठेतला महसीर वर्णिला तिचे पुण्यातील पाणी आज कोणी ओंजळीत घेईल काय? एका माशाच्या ओठात आकडा रुतविणारा हात आम्हांस दिसतो, म्हणून तो क्रूर. सगळ्या डोहाचा श्वास कोंडणारा हात कोणाचा ते दिसत नाही, म्हणून आम्ही निर्दोष! हिंसा हातून घडली तरच ती हिंसा, आणि नळावाटे वाहून गेली तर ती नव्हे, ही समजूत आमच्या नीतिविचारातील मोठीच पोकळी आहे.

परंतु दुसऱ्याचा दोष मोठा म्हणून पहिल्याचा दोष नाहीसा होत नाही; एवढेच की, निवाडा करावयास बसलेल्याने आपले आसन आधी झाडून घ्यावे. मग मत्स्यछंदी मनुष्याविषयी आमचे म्हणणे काय? आपल्याकडील एक जुनी कल्पना येथे उपयोगी पडेल असे वाटते. आपल्या पूर्वजांनी मनुष्य जन्मतःच ऋणी आहे असे मानले. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण त्याने आयुष्यभर फेडावयाचे. ऋणाच्या कल्पनेत एक मोठा गुण आहे: ती घेणाऱ्याला पापीही म्हणत नाही आणि दाताही म्हणत नाही, त्याच्या नावावर रक्कम मांडते आणि फेड मागते. जो नदीपासून आनंद घेतो, आणि तोही एका मुक्या जिवाच्या भीतीतून घेतो, तो नदीचा ऋणी झाला. मासा सोडणे ही त्या ऋणाची फेड नव्हे. मुद्दल आणखी वाढू न देणे एवढेच ते आहे. फेड पुढे आहे. ती आकड्याचा उलटा काटा दाबून टाकण्यात आहे, मासा पाण्याबाहेर न काढता सोडण्यात आहे, छायाचित्राचा मोह आवरण्यात आहे, पाणी तापले असता काठी गुंडाळून घरी जाण्यात आहे, दोन माशांवर तृप्त होण्यात आहे. बूट आणि नाव धुऊन वाळविल्याखेरीज दुसऱ्या नदीस न नेण्यात आहे. आहे त्या नावेपुरते वाहन घेण्यात आहे. आणि सर्वांत अधिक ती कावेरीकाठच्या त्या वह्यांत आहे, म्हणजे जे आपण पाहिले ते लिहून ठेवण्यात, आणि नदीवर घाला येईल तेव्हा तिच्या बाजूने उभे राहण्यात आहे.

या मार्गावर आणखी एक पाऊल पुढे गेलेले लोकही आहेत. अमेरिकेत काही थोडे मत्स्यछंदी आपल्या माशीच्या आकड्याचे टोकच मोडून टाकतात. मासा वर येतो, माशी तोंडात धरतो, क्षणभर दोरी ताणली जाते आणि तो निघून जातो. मेफ्लायची नक्कल साधली, नदीने ती खरी मानली, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. इतर मत्स्यछंदी त्यांस विक्षिप्त म्हणतात. पण या विक्षिप्तांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे, ती अशी की, या विद्येत जे खरोखर सुंदर आहे, ते दोरीचे हवेतील वळण, कीटकांचे ज्ञान, पाणी वाचण्याची दृष्टी आणि पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत नदीच्या सहवासात राहणे, यांपैकी कशालाही आकड्याचे टोक लागत नाही. टोक लागते ते जिंकण्याला. आणि ज्याला नदीकाठी जाऊनही जिंकावयाचेच असेल, त्याने आपल्या आनंदाचा किती भाग नदीचा आणि किती भाग आपल्या अहंकाराचा, हे एकदा बसून मोजावे.

आम्ही कोणास गळ टाकून द्या असे सांगत नाही. तसा आमचा अधिकार नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, मासा सोडून हात धुणाऱ्याने आणि नळ सोडून हात धुणाऱ्याने, दोघांनीही ते पाणी पुढे कोठे जाते याची चौकशी करावी.